ठावठिकाणा

आपण ज्या गावी वीस वर्षे राहतो त्या गावात पाहण्यासारखे काय आहे, असे पाहुण्याने विचारले की माझी मोठी पंचाईत होते. पुण्यामुंबईच्या मंडळींची तशी होत नसावी. त्यांची यादी तयारच असते. आम्ही हिंगोलीकर मात्र जरा आवंढा गिळतो आणि "औंढ्याला जाऊन या," असे सांगून मोकळे होतो.

यंदा जून महिन्यात माझा सोळा वर्षांचा भाचा अमेरिकेहून आजोळी आला. त्याने हा प्रश्न विचारलाच नाही. पिशव्या खाली ठेवून, पाणी पिऊन त्याने विचारले, "मामा, इथे डबे कुठे कुठे आहेत?"

"फळीवर आहेत बघ," सौ.ने स्वयंपाकघरातून उत्तर दिले. "चिवडा पितळेच्या डब्यात."

तेव्हा त्याने आम्हां सर्वांना बसवून आपल्या छंदाची माहिती सांगितली. कुणीतरी पाणी न शिरणारा एक डबा घ्यायचा. त्यात एक वही, एक पेन्सिल आणि चार किरकोळ चिजा ठेवायच्या. तो झाडाच्या ढोलीत किंवा दगडांच्या सांदीत लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जगाला कळवायचे. ज्याला हौस असेल त्याने ते आकडे फोनमध्ये भरून तिथवर जायचे, डबा शोधायचा, वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तसा ठेवून परत यायचे. आतली एखादी चीज उचललीच, तर तितक्याच मोलाची दुसरी ठेवायची. जगभर असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात.

आईने त्यातला 'कॅश' तेवढा उचलला. "पैसे पुरून ठेवतात म्हण की," ती म्हणाली.

मी पडलो मराठीचा मास्तर. शब्दाची खोड काढल्यावाचून मला राहवत नाही. मी सांगितले की हा कॅश म्हणजे रोकड नव्हे. फ्रेंचमध्ये लपवणे या अर्थाचे एक क्रियापद आहे, त्यातून हा शब्द निघाला. आपल्याकडे याला पेव म्हणता येईल.

"पेव आमच्या आजोळी होतं," आई एकदम म्हणाली. "वाड्याच्या मागच्या अंगणात. ज्वारी काढायला माणूस दोर धरून आत उतरायचा."

"कुठे आहे ते?" भाच्याने विचारले.

"आता कुठलं? धरणात गेलं."

बोलणे तेवढ्यावरच थांबले. आईचे आजोळ पूर्णा नदीच्या काठी होते आणि सिद्धेश्वर धरणाच्या पाण्याखाली गेले, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. ठाऊक होते म्हणजे काय, तर एवढे एक वाक्य ठाऊक होते.

भाच्याच्या खेळाला चक्क जन्मतारीख आहे. तसा पूर्वज म्हणून इंग्लंडमधील डार्टमूरच्या माळरानाकडे बोट दाखवतात. तिथे १८५४ साली एका वाटाड्याने आडरानातल्या तळ्याकाठी बाटली ठेवली, आणि तिथवर पोहोचणारे लोक तीत आपली नावाची चिठ्ठी टाकू लागले. पण आजचा खेळ उपग्रहांचा. १ मे २००० रोजी अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांनी जाहीर केले की, संरक्षणाच्या कारणासाठी उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम मिसळलेली चूक त्या मध्यरात्रीपासून काढून टाकण्यात येईल. तोवर साध्या माणसाच्या यंत्राला आपली जागा शंभरेक मीटरच्या फरकाने कळे. ती एका रात्रीत दहा-वीस मीटरांवर आली. लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यात पोर्टलंड शहराजवळच्या रानात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थाने एक काळी बादली ठेवली. तिच्यात पुस्तके, थोडे पैसे, एक बेचकी आणि घेवड्याचा एक डबाबंद डबाही होता. त्याने तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले, आणि तीन दिवसांत दोघांनी ती शोधून काढली.

आता योगायोग पाहा. आमचा हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला तो १ मे १९९९ रोजी. म्हणजे क्लिंटनसाहेबांच्या त्या घोषणेहून आमचा जिल्हा बरोबर एका वर्षाने वडील! तरीही भाच्याच्या फोनवर आमच्या जिल्ह्याच्या अंगावर एकही टिंब उमटेना. पोरगे हिरमुसले. मग म्हणाले, "मामा, डबे नाहीत तर आपण ठेवू. पण आधी रस्ता आखू."

रात्री जेवणे झाल्यावर टेबलावर लॅपटॉप उघडला गेला. त्याची आखणीची पद्धत मला फार आवडली, कारण ती निबंध लिहिण्याच्या पद्धतीसारखी होती. आधी टिंबे नव्हेत, आधी रेघ. कुठून निघायचे आणि कुठे परतायचे ते नकाशावर ठरवायचे. मग त्या रेघेच्या दोन्ही अंगांना दोन-दोन किलोमीटरांची पट्टी धरायची. पट्टीबाहेरचे ठिकाण कितीही मोहक असले तरी ते पुढच्या खेपेचे. दुसरे, नकाशा जो वेळ सांगतो तो केवळ चाकांचा असतो. उतरणे, शोधणे, परत गाडीत बसणे याचा तो हिशेब धरत नाही. भाचा प्रत्येक थांब्याला अर्धा तास धरत होता. मी चहा मिळवून तो पाऊण तास करायला लावला. त्यामुळे आठ थांब्यांचे चार झाले, आणि ते योग्यच झाले. तिसरे, डब्याची जागा वेगळी आणि गाडी लावायची जागा वेगळी. दोन्हींची निरनिराळी नोंद हवी. नाहीतर नकाशा आपला डब्याच्या जवळात जवळ असलेल्या बांधावर गाडी चढवायला सांगतो. चौथे, सगळा नकाशा घरूनच फोनमध्ये उतरवून घ्यायचा, कारण रेंज ही वस्तू गावाबाहेर पाहुण्यासारखी येते आणि पाहुण्यासारखी जाते.

इतके शहाणपण असूनही पहिल्याच थांब्याला आम्ही आपटलो. संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून परंपरेने मानले जाणारे नरसी हे गाव हिंगोलीपासून वीस किलोमीटरांच्या आत आहे. भाच्याने फोनला 'नरसी' सांगितले, आणि नकाशाने सरळ नांदेड ओलांडून शंभराच्या वर किलोमीटरांची निळी रेघ ओढली. ती नरसी नायगाव तालुक्यातली, देगलूर-हैदराबादच्या वाटेवरची! आमची ती 'नरसी नामदेव'. देवाचे नाव जोडल्याखेरीज ती सापडत नाही. औंढ्याचेही तेच. एक अक्षर इकडेतिकडे झाले की नकाशा पुण्याचे औंध दाखवतो, नाहीतर साताऱ्याचे.

"नावं लिहूच नकोस, आकडे लिही," भाचा म्हणाला. "आकडे फसवत नाहीत."

हे वाक्य त्याच्या तोंडून निघते न निघते तोच आकड्यांनीही फसवले. एका जुन्या पुस्तकात औंढ्याची जागा १९ अंश ३२ मिनिटे उत्तर आणि ७७ अंश २ मिनिटे पूर्व अशी दिली होती. मी ती टिपून घेतली आणि मोठ्या आत्मविश्वासाने १९.३२ आणि ७७.०२ अशी भरली. खूण उमटली ती औंढ्याच्या दक्षिणेला चोवीसेक किलोमीटरांवर, भलत्याच शिवारात! अंशाची मिनिटे साठ असतात, शंभर नव्हेत. १९ अंश ३२ मिनिटे म्हणजे दशांशात १९.५३३३. घड्याळ वाचणाऱ्या माणसाला हे कळायला हवे होते. या खेळातले लोक अंश आणि दशांश मिनिटे लिहितात, नकाशे नुसते दशांश अंश लिहितात. म्हणून एकाचे आकडे दुसऱ्यात भरताना डोळे उघडे ठेवावे लागतात. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १ किलोमीटर ८५० मीटर. आमच्या आठवीतल्या कन्येने हे गणित कागदावर करून दाखवले, आणि त्या रात्री घरात माझी किंमत जरा उतरली.

मग नियम आले. हे नियम मला खेळाहूनही आवडले. डबा पुरायचा नाही. जमीन ज्याची असेल त्याची परवानगी घ्यायची. दोन डब्यांत निदान १६१ मीटरांचे, म्हणजे मैलाच्या दहाव्या भागाचे अंतर ठेवायचे. धरणाची भिंत, पूल, सरकारी इमारती असल्या जागा टाळायच्या. बेवारस डबा पाहून लोक घाबरतात आणि पोलीस धावत येतात. खाण्याची वस्तू आत ठेवायची नाही, मुंग्या आणि जनावरे येतात. आणि शेवटचा नियम असा, की ज्याला डब्याची निगा राखता येणार नाही त्याने डबा ठेवूच नये. सुट्टीवर आलेल्या प्रवाशाने डबा ठेवून निघून जावे, हे या मंडळींना मान्य नाही.

"मग तुला ठेवताच येणार नाही," मी म्हणालो.

"मला नाही. पण तुला येईल," भाचा म्हणाला. "राखणदार तू."

अशा रीतीने, गावात पाहण्यासारखे काय आहे हे ज्याला सांगता येत नव्हते, त्याच्यावरच गावाची राखण आली.

नियमांच्या चाळणीतून यादी गाळता गाळता असे दिसले, की आमच्या बहुतेक थांब्यांवर डबा ठेवताच येणार नाही. पण भाच्याने धीर दिला. या खेळात बिनडब्याचेही प्रकार आहेत. एका ठिकाणी उत्तर शोधायचे, त्यावरून पुढचे ठिकाण काढायचे. दुसरा एक प्रकार भूगर्भाचा; तिथे वस्तू शोधायची नसते, दगड पाहून प्रश्नाचे उत्तर द्यायचे असते. हे ऐकल्यावर माझे डोके चालू लागले. आमच्या शहरातच पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार अशी मोहल्ल्यांची नावे आहेत. निजामाच्या राज्यात इथे फौजेची छावणी होती, तिची ही नावे. पलटण गेली, घोडेस्वार गेले, तोफा गेल्या, पेन्शन खाणारेही गेले. भाजी मात्र अजून त्याच नावांच्या पत्त्यावर येते. या पाच नावांचे एक कोडे मी तासाभरात रचले. वीस वर्षांत हे सुचले नव्हते, कारण कुणासाठी तरी जागा ठरवायची आहे अशा नजरेने मी आपल्या गावाकडे कधी पाहिलेच नव्हते.

रविवारी सकाळी आम्ही निघालो. मी चालवीत होतो, फोन समोर अडकवला होता, आई शेजारी आणि मुले मागे. वळण आले की फोनमधला नकाशाही वळे, म्हणजे गाडीचे तोंड नेहमी वरच राही. आई ते कौतुकाने पाहत होती. थोड्या वेळाने म्हणाली, "हे तर नामदेवाच्या देवळासारखं फिरतंय!"

मागच्या बाकावरून लगेच कथेची मागणी झाली. ती तिने सांगितली. नामदेव औंढ्याला देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले. पुजाऱ्यांनी त्यांना मागे जायला सांगितले. ते मागे जाऊन गाऊ लागले, तर देऊळच फिरले आणि नामदेवांकडे तोंड करून उभे राहिले. नंदी मात्र होता तिथेच राहिला. म्हणून तो देवळाच्या पाठीमागे आहे, असे लोक सांगतात.

"म्हणजे देवळाने रोटेट केलं," भाचा म्हणाला.

"केलं तर काय झालं? भक्त जिथे असेल तिकडे तोंड," आई म्हणाली.

नरसीला आम्ही कयाधू नदीजवळ उतरलो. डबा ठेवायचा नव्हता. प्रश्न तेवढा ठरवायचा होता. नामदेवांची ६१ पदे शीख बांधवांच्या गुरू ग्रंथसाहेबात आहेत, आणि पंजाबातून लोक इथे दर्शनाला येतात. गुरुदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी नामदेवांची आठवण अजून जागती आहे. तिथे २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. भाच्याने नकाशावर नरसी आणि घुमान यांच्यात रेघ ओढून पाहिली आणि फोन आमच्यापुढे धरला. सातशे वर्षांपूर्वी ही वाट पायांनी झाली, हे त्या रेघेकडे पाहताना एकाएकी लक्षात येते. पाठ्यपुस्तकातल्या टीपेत ते येत नाही, हे मी ती टीप वर्षानुवर्षे शिकवूनही कबूल करतो.

औंढ्याला दुपार झाली. यादवकाळातले ते काळ्या दगडाचे देऊळ, त्याच्या खालच्या थरांवरची शिल्पे, आणि खाली उतरून जावे लागते असा तो गाभारा. भूगर्भाचा प्रश्न इथे ठरला: हा दगड कुठून आला? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून वर आलेल्या लाव्ह्याचे थर साचून दख्खनचे पठार झाले. तोच दगड शिल्पकारांनी घडवला. पण माझ्या मनात दुसराच प्रश्न घोळत होता. बारा ज्योतिर्लिंगांतला नागेश तो हाच, असे आम्ही म्हणतो. द्वारकेजवळचे नागेश्वरवाले तो आमचा म्हणतात. आणि हिमालयात अल्मोड्याकडच्या जागेश्वरचाही तसाच दावा आहे. देव एक आणि अक्षांश-रेखांश तीन! हा गुंता कोणता उपग्रह सोडवणार?

तो गुंता याच देवळातल्या एका गोष्टीने फार पूर्वी सोडवून ठेवला आहे. गोरा कुंभारांनी नामदेवांना कच्चे मडके ठरवले, तेव्हा ते गुरू शोधायला औंढ्याला आले. पाहतात तो विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले! नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, मी म्हातारा झालो, तूच माझे पाय उचलून जिथे पिंड नसेल तिथे ठेव. नामदेव पाय हलवतील तिथे खालून पिंड वर येई. ही गोष्ट मी वर्गात कितीदा तरी सांगितली आहे. त्या दिवशी ती प्रथमच मला जागेविषयीची गोष्ट वाटली. नेमकी जागा शोधत माणूस इतक्या लांब येतो, आणि इथे आल्यावर कळते ते हे, की ज्याला शोधायचे तो जागेत मावत नाही. पण इथवर यावे तर लागलेच ना? घरी बसून ते कळले नसते.

औंढ्याजवळच दुधाळा गावी गुरुत्वीय लहरी टिपणारी मोठी वेधशाळा, लायगो-इंडिया, उभी राहायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. काटकोनात जाणाऱ्या चार-चार किलोमीटरांच्या दोन भुजा, आणि त्यांतून धावणारा लेसरचा प्रकाश. अशा लहरी पहिल्यांदा सापडल्या त्या १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन यंत्रांत. पण दोनच ठिकाणांहून कानोसा घेतला तर आवाज आकाशात कुठून आला ते नीट कळत नाही, आकाशाचा लांबच लांब पट्टा संशयित राहतो. दूरदूरच्या आणखी जागांहून ऐकले की तो पट्टा लहान होतो. भाच्याला हे तोंडपाठ होते. "फोनचंही तसंच आहे, आजी," तो म्हणाला. "एका सॅटेलाइटने काही कळत नाही. निदान चार लागतात." आईने मान हलवली. तिला ते पटलेले दिसले. का पटले ते तासाभराने समजले.

शेवटचा थांबा सिद्धेश्वर. खरे म्हणजे तो भाच्याने यादीत गुपचूप घातला होता. धरणाची भिंत नियमात बसत नव्हती, म्हणून आम्ही जलाशयाच्या दूरच्या काठाकडे निघालो. पावसाला अजून नीट सुरुवात झाली नव्हती. पाणी पुष्कळ मागे हटले होते आणि भेगाळलेल्या गाळाचे मोठे पटांगण उघडे पडले होते. गाडी झाडाखाली लावून आम्ही चालत निघालो. शंभरेक पावलांवर भाचा थबकला आणि त्याने फोन दाखवला. नकाशावर तिथे सगळा निळा रंग होता आणि आमचे टिंब त्या निळ्याच्या आत शिरले होते. नकाशाप्रमाणे आम्ही चौघेही पाण्यात उभे होतो.

आई मात्र नकाशाकडे पाहत नव्हती. ती पलीकडच्या टेकड्यांकडे पाहत होती. थोडी डावीकडे सरकली, थांबली, पुन्हा दोन पावले मागे आली. मग म्हणाली, "ती टेकडी आणि तिच्या मागचा तो सुळका एका रेघेत आले की वेस. असं मामा सांगायचा, बैलगाडीत बसलं की." मग तिने उजवीकडे तशाच आणखी दोन खुणा जुळवल्या. "आणि हे दोन जुळले की मारुतीचा पार." ज्या ठिकाणी तिच्या दोन रेघा छेदत होत्या तिकडे तिने हात केला. पाण्याच्या कडेला, गाळातून चार-पाच घडीव दगड वर आले होते.

१८०२ साली विल्यम लॅम्टनने मद्रासेहून आरंभ करून याच कोनांच्या आणि रेघांच्या रीतीने हिंदुस्थान मोजायला घेतला, आणि १८२३ साली ते काम चालू असतानाच आपल्या हिंगणघाटला त्याने देह ठेवला. आईने लॅम्टनचे नाव ऐकलेले नाही. ती चौथी शिकली आहे.

"आजी, वाडा कुठे?" भाच्याने विचारले.

"पारापासून नदीकडे तोंड केलं की डाव्या हाताला तिसरा. मागे पेव." ती बोलत होती आणि भाचा टिपून घेत होता: वेस, पार, वाडा, पेव, आड, शाळेची खोली. प्रत्येकासाठी त्याने नकाशाच्या त्या निळ्या रंगात एक एक खूण उमटवली आणि खुणेला तिने सांगितलेले नाव दिले. मी नुसता उभा होतो. पन्नासहून अधिक वर्षे हे सगळे तिच्यापाशी होते. त्यातली निदान तीस वर्षे मी तिला विचारू शकलो असतो. मी मराठी शिकवतो, ग्रामनामांची व्युत्पत्ती सांगतो, आडनावांवर व्याख्याने देतो. आणि माझ्या आईच्या मामांच्या आडनावातला 'कर' ज्या गावाला चिकटला आहे, ते गाव कुठे होते हे मी कधी विचारले नव्हते. 'धरणात गेलं' या दोन शब्दांवर माझे समाधान झाले होते. ती गेल्यावर हे ठिकाण विचारायला मी कुणाकडे जाणार होतो?

काठावर, पाण्याच्या वरच्या रेषेबाहेर, एका शेतकऱ्याचे रान होते. बांधावर मोठे कडुनिंबाचे झाड आणि खाली दगडांची रास. शेतकरी वयस्कर. मी त्यांना 'काका' म्हणून परवानगी मागितली आणि डब्याचा सगळा खुलासा केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"आत वही हाय म्हणता?"

"हो."

"मग ठेवा. वही असली तर चांगलं काम दिसतंय."

डबा भरताना आईने पिशवीतून एक हळकुंड काढले. आमच्याकडची वसमतची हळद आता भौगोलिक मानांकनाने देशभर ओळखली जाते, हे तिला ठाऊक नव्हते. शुभ कामाला हळकुंड लागते एवढे ठाऊक होते. भाच्याने नियम सांगितला, खाण्याची वस्तू नको. "हळकुंड कुणी चावून खातं का रे?" आईने विचारले. पुष्कळ वाद झाला. शेवटी हळकुंड परत पिशवीत गेले, आणि त्याऐवजी वहीच्या पहिल्या पानावर आईने आपल्या हाताने लिहावे असे ठरले. तिने पेन्सिल घेतली, चष्मा पुसला आणि मोठ्या अक्षरांत गावाचे नाव लिहिले. खाली लिहिले, "माझे आजोळ." तारीख भाच्याने घातली.

भाचा जुलैत परत गेला. या खेळात प्रत्येक नव्या डब्याची जागा आधी स्वयंसेवक तपासतात आणि मग ती नकाशावर चढवतात. तेव्हा आमची नोंद व्हायची तेव्हा होईल. मी आपले राखणदाराचे काम करतो. पाऊस चांगला झाल्यावर पितृपंधरवड्यात एका रविवारी मी एकटाच स्कूटरवरून गेलो. पाणी वर आले होते. पार, वेस, आमच्या पावलांचे ठसे सगळे खाली गेले होते आणि नकाशा पुन्हा खरा झाला होता. निंबाखालचे दगड सारून मी डबा काढला. आत पाणी गेले आहे का, एवढेच पाहायचे होते.

वही कोरडी होती. आईच्या दोन ओळींखाली आणखी तिघांची नावे होती. तीन निराळी हस्ताक्षरे, त्यांतले एक फार थरथरते. परदेशचे कुणी खेळाडू नव्हते. काकांनी आसपास बोलता बोलता कुणाकुणाला सांगितले असावे. तिघांचेही आडनाव एकच होते, आणि त्याच्या अखेरीस तोच 'कर' होता. थरथरत्या अक्षरात खाली लिहिले होते, "पेव आमचे पण होते."

मी वही बंद केली, डबा होता तसा ठेवला आणि घरी येऊन आईला सांगितले. तिने तिन्ही नावे माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतली. मग विचारले, "यांतला थोरला कोण? पत्ता लिहिलाय का त्याने?"

पत्ता नव्हता. पुढच्या खेपेला मी वहीत तेवढे एक वाक्य लिहून ठेवणार आहे.